दमा धुराड्यातून येतो की कूलरमधून?

प्रश्न : आम्ही भिलाईला सेक्टरमध्ये राहतो. यजमान स्टील प्लांटमधून रिटायर झाले. मला बऱ्याच वर्षांपासून दम्याचा त्रास आहे. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा दसऱ्यानंतर तो उसळतो. रात्री तीन-चार वाजता उठून बसावं लागतं. उन्हाळ्यात पुण्याला मुलीकडे गेले की आठवड्याभरात बरं वाटतं, परत आले की पुन्हा तेच. शेजारी म्हणतात, प्लांटचा धूर आहे, भिलाई सोडा. गच्चीवर रोज काळपट धूळ साचते हे खरंच आहे. पण धूर तर बारा महिने असतो, मग मला त्रास दोनच वेळा का?
— एक वाचक, भिलाई

उत्तर : ताई, शेजाऱ्यांना जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून हा कारखाना कधी ऋतू बघून चाललेला नाही. दमा मात्र ऋतू बघून येतोय. म्हणजे एप्रिलमध्ये आणि दसऱ्याला तुमच्या घरात, अंगणात काय बदलतं ते आधी शोधायला हवं.

प्लांट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. कोक ओव्हन, सिंटर प्लांट, नंदिनीचा चुनखडक, जामुलचं सिमेंट हे सगळं एका गावाच्या उशापायथ्याशी असल्यावर हवा कशी असणार? २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या त्या यादीत छत्तीसगडमधून रायपूर आणि कोरब्याबरोबर भिलाईचंही नाव आहे. पण गंमत अशी की त्याच यादीत पुणेही आहे. तेव्हा पुण्याची हवा शुद्ध म्हणून तुम्हाला तिथे बरं वाटतं, हे काही पटण्यासारखं नाही.

दम्यात नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगतो. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्रास नसतानाही ती थोडीफार असतेच. अशा सुजलेल्या नळ्या चिडक्या होतात, जराशा कारणाने आकसतात, आत चिकट कफ धरतो, आणि श्वास बाहेर सोडताना शिट्टी वाजते. नळ्यांना चिडवणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या. धूर, उग्र वास, थंड हवा, सर्दीचा विषाणू या नुसत्या डिवचतात. धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण, झुरळं यांची काहींना ॲलर्जी असते, आणि ती मुळातली सूजच वाढवत ठेवते. सूज वाढलेली असली की एरवी सहज सोसला जाणारा धूरही सोसत नाही, आणि मग नाव त्या धुराचं होतं.

गच्चीवरच्या काळ्या धुळीबद्दलही एक सांगायला हवं. डोळ्यांना दिसणारा कण एवढा मोठा असतो की तो बहुतेक वेळा नाकातच अडकतो. छातीत खोल उतरतात ते अडीच मायक्रॉनच्या आतले कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते फडक्याला लागत नाहीत. तुम्ही रोज पुसता ती धूळ आणि तुम्हाला खोकवणारी धूळ बहुतेक वेगळी आहे.

आता एप्रिल. भिलाईत एप्रिल म्हणजे कूलर. पुण्यात तुमच्या मुलीकडे पंखा असेल, फार तर एसी. कूलर इथला, आणि विदर्भातला. वर्षभर व्हरांड्यात किंवा खिडकीत तो तसाच पडून असतो. मागच्या सालची खस किंवा लाकडाच्या भुशाची जाळी पावसात भिजून, वाळून, पुन्हा भिजून काळी झालेली असते, टाकीच्या तळाशी चिखल असतो. पारा ४२ वर गेला की आपण पाणी भरतो, बटण दाबतो, आणि त्या जाळीतली बुरशी आणि धूळ सरळ तोंडावर घेतो. पहिल्या दिवशी येणारा तो कुबट वास म्हणजे बुरशीच.

यापुढची गोष्ट जरा सूक्ष्म आहे. गादी-उशीत राहणारा धुळीतला किडा डोळ्यांना दिसत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो. त्याला पाणी पिता येत नाही, हवेतला ओलावा शोषून तो तगतो. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो. खरं म्हणजे छत्तीसगडचा कोरडा उन्हाळा हा दमेकऱ्यांसाठी वरदान ठरायला हवा होता. पण कूलर लावून आपण त्या खोलीपुरता पावसाळा तयार करतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो या कोरड्या राज्यात १९९५ साली घरांची पाहणी झाली, तेव्हा पाण्याचे कूलर असलेल्या घरांत या किड्याचा अंश जास्त सापडला होता.

कूलर फेकून द्या असं कोण म्हणेल? भिलाईच्या मे महिन्यात ते क्रौर्य होईल. पण मार्चमध्येच टाकी घासून घ्या आणि जाळ्या दरवर्षी नव्या बसवा. हे काम तुम्ही स्वतः करू नका, यजमानांना किंवा कारागिराला सांगा, आणि ते चालू असताना दुसऱ्या खोलीत थांबा. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल आतच कोंडते. सकाळी बंद करण्याआधी पाण्याची मोटर बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालवा, जाळी कोरडी होते. पाणी चार-सहा दिवसांनी पूर्ण बदला. डेंग्यूच्या डासासाठीही हेच सांगतात, एका कामात दोन कामं.

गादीचंही पाहा. जुनी कापसाची गादी असेल तर तिला आणि उशांना घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घाला. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात, ५५-६० अंशांच्या, धुवा. आपल्याकडे गाद्यांना ऊन दाखवायची रीत आहे, ती उत्तमच. पण उन्हाने किडा मरतो, त्याची विष्ठा गादीतच राहते, आणि ॲलर्जी असते ती मुख्यतः त्या विष्ठेची. म्हणून धुणं टळत नाही. पिंजारी दारात कापूस पिंजायला बसला तर तेवढा वेळ शेजारणीकडे जाऊन चहा प्या.

पहाटे तीन-चारलाच त्रास का, याचंही उत्तर यात थोडं आहे. त्या वेळेपर्यंत तुम्ही सलग पाच-सहा तास नाक गादीपाशी ठेवलेलं असतं. शिवाय शरीरातलं सूज आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं आणि पहाटे श्वासनलिका सगळ्यांच्याच थोड्या अरुंद होतात. निरोगी माणसाला ते कळत नाही, दमेकऱ्याला उठून बसावं लागतं.

दसऱ्यानंतर तर सगळं एकदमच येतं. दिवाळीची साफसफाई, माळ्यावरची धूळ, वर्षभर पेटीत कोंबलेल्या रजया. तुमच्या रस्त्यावर सातवीण असेल तर ऑक्टोबरमध्ये तिचा तो डोकं उठवणारा घमघमाट असतो, काहींना त्या वासानेच छाती भरते. रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत असतं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. शहराबाहेर धानाची कापणी-मळणी सुरू होते. ‘धान का कटोरा’ म्हणवणाऱ्या प्रदेशात मळणीच्या धुळीत तूस, पेंढ्याचा भुगा आणि बुरशीचे बीजाणू किती असणार याचा अंदाज करा. त्यात हवा गार होऊन जमिनीलगत बसते. प्लांटचा धूर वर्षभर असतो, पण नोव्हेंबर ते जानेवारी तो पहाटे वर जातच नाही. इथे मात्र प्लांटच्या नावाने बोटं मोडायला माझी हरकत नाही. मैत्री बागेच्या बाजूला पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्या मंडळींनी थंडीत ऊन वर आल्यावर जावं.

थंडीत आणखी दोन धूर घरात शिरतात, आणि ते आपणच बोलावतो. एक गोरसीचा, म्हणजे शेकायच्या शेगडीचा, विशेषतः दार लावून शेकायला बसलं की. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, दमा नसलेल्यालाही तो ठार करू शकतो. दुसरा मच्छर अगरबत्तीचा. एका गुंडाळीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात असं मोजमाप २००३ सालीच प्रसिद्ध झालं आहे. प्लांटच्या चिमणीबद्दल तक्रार करणाऱ्या घरात पलंगाखाली ही गुंडाळी जळत असते. मच्छरदाणी लावा. आणि दिवाळीत नातवंडं आली तर नागगोळी तेवढी आणू नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला. त्यात आवाज न करणारी, लहान मुलांच्या हाती बिनधास्त दिली जाणारी ही काळी गोळी सूक्ष्म कणांत सगळ्यांच्या पुढे निघाली, हजाराच्या लडीच्याही.

हे झाले अंदाज. नक्की कशाची ॲलर्जी आहे हे कातडीवर टोचून करायच्या चाचणीत कळतं. त्याआधी काही दिवस सर्दीच्या ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात. रक्त घेऊन दीडशे पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. त्या कागदाने बिचाऱ्या माणसाचं जेवण सुटतं, दमा सुटत नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी पंप दिला आहे. पण सासूबाई म्हणतात पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही. म्हणून मी गोळीच घेते, फार झालं तर निळा पंप. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, दुर्ग

उत्तर : नाही. आणि यात मी जरा कडक बोलणार आहे.

हिशेब पाहा. श्वासनलिका उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी येते ४ मिलिग्रॅमची. निळ्या पंपाच्या एका झटक्यात तेच औषध असतं १०० मायक्रोग्रॅम. दोन झटके घेतले तरी ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या हिश्श्याएवढं. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथेच जातं. पायऱ्या लावायच्याच तर पंप पहिली, गोळी नंतरची.

पण निळ्या पंपावर भागवणं हीसुद्धा चूकच. तो नळ्या काही मिनिटांत मोकळ्या करतो, सुजेला हात लावत नाही. छप्पर गळतंय आणि आपण खाली बादली बदलत बसलोय, असं ते आहे. सूज उतरवतं ते ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन यांसारखं ओढायचं स्टिरॉइड. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की लोक दचकतात, पण तेही मायक्रोग्रॅममध्येच असतं. उलट हे टाळणाऱ्यालाच पुढे झटका आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये खाव्या लागतात, आणि ज्या दुष्परिणामांना तुम्ही घाबरता ते त्या गोळ्यांचे आहेत.

दम्याच्या उपचाराची दिशा ठरवणारी ‘जिना’ ही जागतिक समिती आहे. २०१९ पासून तिने निव्वळ निळ्या पंपावर दमा सांभाळण्याची शिफारस बंद केली. त्याऐवजी ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप ती सुचवते. सौम्य दम्यात तो लागेल तेव्हा, जास्त असेल तर रोज. तुमच्यासाठी कोणता, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. पण आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त निळा पंप लागत असेल, किंवा वर्षाला दोनशे झटक्यांचे तीन डबे संपत असतील, तर तुमचा दमा ताब्यात नाही हे पक्कं समजा. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. आपला दमा काही वेगळ्या जातीचा नाही. आपण बरं वाटलं की औषध बंद करतो, ते या आकड्यांमागचं एक मोठं कारण आहे.

आणि पंप ओढायचा कसा? डबा हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून, हळू श्वास घ्यायला सुरुवात झाली की दाबायचं, आणि चार-पाच सेकंद ओढतच राहायचं. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. दुसरा झटका अर्ध्या-एक मिनिटाने. तोंडाच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरा ढग निघाला तर औषध छातीत गेलेलं नाही. हा मेळ जमत नसेल तर स्पेसर लावा, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तर लावाच. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की त्यात स्थिर वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. स्पेसर नसेल आणि वेळ आणीबाणीची असेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम होतं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला मुलांवर हे तपासून पाहिलं आहे. कॅप्सूलवालं यंत्र असेल तर मात्र उलट, श्वास जोरात आणि खोल ओढायचा. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, गिळणारे पुष्कळ आहेत. स्टिरॉइडचा पंप झाला की गुळण्या करून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंड येतं आणि आवाज बसतो.

प्रश्न : शरद पौर्णिमेला राजनांदगावची दम्याची खीर घ्यावी का?

उत्तर : बर्फानी धामात कोजागिरीच्या रात्री जडीबुटीची खीर वाटतात, हैदराबादला मृगाच्या सुमारास जिवंत मासळीतून औषध गिळवतात. दोन्हीकडे हजारो माणसं जातात आणि त्यातल्या कित्येकांना बरंही वाटतं. दमा मुळात चढउतारांचा आजार आहे. माणूस औषधाला जातो तो त्रास टोकाला गेला की, आणि टोकाला गेलेला त्रास बहुधा उतरतोच. श्रेय शेवटी जे घेतलं त्याला मिळतं.

वनस्पतींची टिंगल करायचं कारण नाही. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. दमेकऱ्यांनी धोतऱ्याचा धूर ओढायची आपली रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला गेली, आणि धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनच्या कुळातलं इप्राट्रोपियम आजही पंपातून देतात. पण धोतऱ्याची मात्रा जरा चुकली तर माणूस भ्रमिष्ट होतो, म्हणून तर ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून द्यावं लागतं. खिरीत काय आणि किती, हे खाणाऱ्याला ठाऊक नसतं. श्रद्धेने जायचं असेल तर जा, अंगावर स्वेटर घाला, धुनीपासून लांब बसा. पंप मात्र खिशात असू द्या आणि दुसऱ्या दिवशी तो बंद करू नका.

प्रश्न : दही, केळी, पेरू, सीताफळ बंद करावं का?

उत्तर : ते खाल्ल्यावर दर वेळी थोड्याच वेळात त्रास होत असेल तर तो पदार्थ बंद करा. नाहीतर खुशाल खा. अन्नाने दमा उसळणारी माणसं थोडी असतात. डोकेदुखीची ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब यांनी मात्र काहींना जबर झटका येतो. केळ्यापेक्षा त्यांची चौकशी करा.

प्रश्न : मी कोक ओव्हनला नोकरी केली, बिडीही ओढत होतो. आता जिना चढताना दम लागतो. हा दमाच ना?
— एक निवृत्त कर्मचारी, भिलाई

उत्तर : काका, कदाचित नसेल. दम्यात माणूस मधले दिवस ठणठणीत असतो. तुमचा दम रोजचा आहे आणि हळूहळू वाढतोय. बिडी आणि धूर यांनी फुफ्फुसं झिजून होणारा सीओपीडी असू शकतो. स्पायरोमेट्री नावाची फुंकायची तपासणी करून घ्या. औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर या दोन्हींनी वाढला तर पारडं दम्याकडे झुकतं. छातीचा फोटोही काढा. कोक ओव्हनच्या भट्ट्या सिलिका विटांच्या असतात. त्या विटांच्या दुरुस्तीवर काम केलं असेल तर सिलिकोसिसचा विचार व्हायलाच हवा. कायद्याने तो सरकारला कळवण्याजोगा आजार आहे. म्हणून सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात जा किंवा रायपूरच्या एम्समध्ये, नुसतं ‘प्लांटमध्ये होतो’ म्हणू नका. कोणत्या शॉपमध्ये, काय काम, किती वर्षं, हे कागदावर लिहून न्या. बिडी अजून चालू असेल तर आजच सोडा, इतर कोणत्याही औषधाने तेवढा फायदा व्हायचा नाही.

शेवटी सर्वांसाठी. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, तर वाट पाहू नका. रुग्णाला आडवं करू नका, ताठ बसवा, स्पेसरमधून एकेक करत चार झटके द्या आणि १०८ ला फोन करा. उतार पडला नाही तर गाडी येईपर्यंत वीस मिनिटांनी पुन्हा द्या. एरवी तपासणीला जाताना पंप घरी ठेवून जाऊ नका. तो बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा.